मोठ्या गाडीचे ब्रेक लहान गाडीला बसवले, तर गाडी खरंच लवकर थांबते का?

चाक काढलेलं, आत गंजलेली छोटीशी डिस्क. पुढच्याच सेकंदाला तिच्या जागी भलीमोठी डिस्क, त्यावर लाल रंगाचा कॅलिपर, आणि स्क्रीनवर ओळ येते: 'भंगारातून आणले, जसेच्या तसे बसले!' अशा रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. खाली कमेंट्समध्ये शंभर जण एकच गोष्ट विचारतात, "भावा, खर्च किती आला?"

'मागच्या ब्रेकचं काय केलंस?' हे मात्र जवळपास कुणीच विचारत नाही. खरं तर आधी तेच विचारायला हवं. ते का, हे समजून घेऊ.

डोनर कार म्हणजे काय?

एका गाडीचे पार्ट काढून दुसरीला लावले, की जिचे पार्ट काढले ती 'डोनर'. ही कल्पना मुळात वेडेपणाची नाही. कंपन्या प्रत्येक मॉडेलसाठी सगळं नव्यानं बनवत नाहीत. एकाच प्लॅटफॉर्मवर हॅचबॅक उभी राहते आणि सेदानही. वजनदार किंवा जास्त ताकदीच्या मॉडेलला मोठे ब्रेक, जाड स्टॅबिलायझर बार, कडक स्प्रिंग मिळतात, पण ते जोडायच्या जागा बऱ्याचदा त्याच असतात. म्हणजे वरच्या मॉडेलचा माल खालच्या मॉडेलला बसायची शक्यता असते. नवीन पार्टच्या तुलनेत भंगार बाजारात तो स्वस्तही पडतो. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी ही त्यासाठी प्रसिद्ध ठिकाणं.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत तर कधीकधी हाच एक रस्ता उरतो. कंपनीनं पार्ट बनवणं बंद केलं, की हौशी मालक दुसऱ्या गाडीत उत्तर शोधतो.

पण 'बसलं' आणि 'चाललं' यात फरक आहे.

आधी बसण्याचं बोलू

पुण्याजवळ चाकणला तयार झालेली फोक्सवॅगन पोलो घ्या. तिची पुढची डिस्क २५६ मिलिमीटर व्यासाची. याच समूहाच्या जास्त ताकदीच्या गाड्यांना २८८ मिलिमीटरची डिस्क असते. कुणाच्याही मनात येईल की एकाच घरातल्या गाड्या आहेत, तर श्कोडा लॉराची डिस्क काढायची आणि पोलोला लावायची. पण ती बसत नाही. पोलोच्या चाकाचे पाच बोल्ट १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आहेत, लॉराचे ११२ वर. प्रत्येक भोक फक्त ६ मिलिमीटरनं सरकलेलं, पण तेवढ्यानं सगळं अडतं. मग १०० च्या वर्तुळाची २८८ ची डिस्क शोधावी लागते, कॅलिपर धरणारी ब्रॅकेट तिच्या मापाची लागते. आणि हे सगळं जमलं तरी १४ इंची रिम त्या कॅलिपरवरून जात नाही. किमान १५ इंची रिम घ्यावी लागते, मग टायरही आले. स्वस्तात होणारं काम इथेच महाग व्हायला लागतं.

यावर काही ठिकाणी 'डिस्कला नवीन भोकं पाडून देतो' असं सांगितलं जातं. नका करू. डिस्क तापते, थंड होते, पुन्हा तापते. ज्या भागावर सगळा जोर येतो, तिथे जुन्या भोकांच्या शेजारी नवी भोकं म्हणजे तडा जाण्यासाठी आयती जागा.

ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवतो टायर

सगळ्यात मोठा गैरसमज हा आहे. ब्रेकचं काम चाकाचं फिरणं रोखणं. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीमुळे. अचानक कुत्रं आडवं आल्यावर तुम्ही पूर्ण जोरानं ब्रेक दाबला आणि पेडल थरथरलं, म्हणजे एबीएस जागं झालं, किंवा जुन्या गाडीत चाकं लॉक होऊन टायर किंचाळले, तर त्याचा अर्थ सरळ आहे. तुमच्या ब्रेकमध्ये टायरच्या पकडीपेक्षा जास्त ताकद आधीपासूनच आहे. त्यावर आणखी मोठा ब्रेक लावून काय मिळणार? चाक आणखी पटकन लॉक होईल, इतकंच.

थोडं गणित करू. कोरड्या डांबरी रस्त्यावर, बऱ्या टायरवर, ताशी ८० किलोमीटर वेगातली गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण ३१-३२ मीटरमध्ये थांबू शकते. त्याआधी तुमचा पाय पेडलवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर २२ मीटर आणखी. या हिशेबात डिस्कचा व्यास कुठेच येत नाही. टायर येतो, रस्ता येतो, आणि तुमचं लक्ष कुठे होतं ते येतं.

मग मोठी डिस्क असते कशासाठी? उष्णतेसाठी.

ब्रेक गाडीच्या गतीचं रूपांतर उष्णतेत करतो. एकदा थांबण्यापुरती उष्णता छोटी डिस्कही सहज पचवते. प्रश्न येतो तो पुन्हापुन्हा ब्रेक लागल्यावर, आणि त्यासाठी आपल्याला रेस ट्रॅकवर जायला नको. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण ५५० मीटर खाली येते. या उतारात जेवढी ऊर्जा मोकळी होते, ती ८० च्या वेगातून पूर्ण थांबण्याच्या जवळपास २२ पट असते. गाडी हलकी असो की जड, हे प्रमाण बदलत नाही. यातली काही ऊर्जा हवेच्या विरोधात जाते. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर बरीचशी इंजिन खातं. न्यूट्रल टाकून, 'पेट्रोल वाचतं' म्हणत उतरलात, तर जवळपास सगळा भार डिस्क आणि पॅडवर.

पॅड ठरावीक तापमानापलीकडे गेलं की पकड सोडायला लागतं. पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. दुसरा प्रकार जास्त भीतीदायक आहे. ब्रेक ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जातं. नवीन डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, डॉट ४ चा २३०. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. ओलावा धरल्यावर हेच किमान आकडे १४० आणि १५५ वर येतात. तुमच्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतं? बहुतेकांना आठवत नाही. मलाही सर्व्हिसचं जुनं बिल काढून बघावं लागलं.

थोडक्यात, घाटात, भरलेल्या गाडीत, किंवा इंजिनची ताकद वाढवली असेल तर मोठ्या, आतून हवा खेळणाऱ्या डिस्कचा उपयोग होतो. शहरात सिग्नल ते सिग्नल फिरणाऱ्या गाडीत तो बहुतेक रीलपुरता. (आणि हो, कॅलिपरला लाल रंग मारल्यानं काहीच होत नाही.)

डॅटसनला टोयोटाचे ब्रेक

या प्रकारातलं जगभरातल्या गाडीवेड्यांना माहीत असलेलं एक उदाहरण आहे. डॅटसन २४०झेड ही १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गाजलेली जपानी स्पोर्ट्स कार. पुढे साधी, भरीव डिस्क आणि दोन पिस्टनचा कॅलिपर, मागे ड्रम. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की १९७९ ते १९८५ मधल्या टोयोटाच्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपचा चार पिस्टनचा कॅलिपर या डॅटसनच्या बोल्टवर जवळजवळ सरळ बसतो. डिस्कमागचा धूळ अडवणारा पत्रा कापायचा किंवा काढायचा, बस्स. मालवाहू गाडीचा ब्रेक स्पोर्ट्स कारला! तिथल्या भंगारात हे कॅलिपर मुबलक मिळत, त्यामुळे हा बदल इतका पसरला की आजही त्याचं नाव निघतं.

पण ज्यांनी तो केला त्यांना पुढच्या दोन गोष्टी कळल्या, आणि त्या प्रत्येक डोनर ब्रेकला लागू होतात.

पहिली पेडलची. मोठ्या पिस्टनला ढकलायला जास्त ऑइल लागतं. ते पाठवतो मास्टर सिलिंडर, आणि तो तर जुनाच. मग पेडल जास्त खाली जायला लागतं, मऊ लागतं. म्हणून अनेकांनी नंतरच्या २८०झेडएक्स गाडीचा मास्टर सिलिंडर लावला. जुना २२.२ मिलिमीटर व्यासाचा, नवा २३.८ चा. फरक दीड मिलिमीटरचा दिसतो, पण क्षेत्रफळ साधारण १५ टक्क्यांनी वाढतं. पेडल वर आलं, पण त्याची किंमतही आहे. तेवढाच दाब निर्माण करायला पायाला आता जास्त जोर लावावा लागतो. एक डोनर पार्ट लावला की दुसरा शोधावा लागतो, तो असा.

दुसरी गोष्ट पुढच्या आणि मागच्या ब्रेकच्या तोलाची. आपला मागच्या ब्रेकचा प्रश्न इथूनच येतो.

मागच्या ब्रेकचं काय?

ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं, हे सगळ्यांनी अनुभवलंय. वजन पुढे सरकतं. किती? समजा ९०० किलोची हॅचबॅक आहे. उभी असताना पुढच्या चाकांवर ५५८ किलो आणि मागच्यांवर ३४२. दोन्ही ॲक्सलमधलं अंतर २.४ मीटर आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर धरू. टायरच्या पूर्ण पकडीनं ब्रेक मारला, तर सुमारे १६५ किलो मागून पुढे जातात. मागच्या दोन चाकांवर मिळून उरतात जेमतेम १७७ किलो. एवढ्या भारावर मागचे टायर रस्त्याला फार धरून राहू शकत नाहीत, म्हणून त्यांना ब्रेकही बेतानंच द्यावा लागतो. कंपन्या मागे छोटे ब्रेक किंवा ड्रम देतात ते निव्वळ पैसे वाचवण्यासाठी नाही. (पैसे वाचतात, तेही खरंच.)

आता कुणी फक्त पुढचे ब्रेक बदलले. समजा ब्रेकिंगची वाटणी ७०:३० होती. कॅलिपर आणि पॅड तेच ठेवून डिस्क २५६ ची २८८ केली, तर त्याच दाबाला पुढची पकड साधारण १५ टक्क्यांनी वाढते. वाटणी ७३:२७ होते. आता पुढची चाकं आधीपेक्षा लवकर लॉक होतात आणि मागच्या टायरची शिल्लक पकड वापरलीच जात नाही. एबीएस नसलेल्या गाडीत थांबण्याचं अंतर कमी होण्याऐवजी वाढूही शकतं. त्रासदायक आहे, पण निदान गाडी सरळ तरी जाते.

उलटं केलं तर मात्र जिवाशी खेळ. मागचे ड्रम काढून मोठ्या गाडीची डिस्क लावायची, 'चारही चाकांना डिस्क' म्हणून मिरवायचं, ही हौस फार दिसते. मागचा ब्रेक गरजेपेक्षा जोरात लागला, तर मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होतात. लॉक झालेलं चाक बाजूला घसरण्याला विरोध करत नाही. ओल्या रस्त्यावर, हलक्या वळणावर असं झालं तर गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो. गाडी गरकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. म्हणूनच कारखान्यातून निघालेल्या गाडीत पुढची चाकं आधी लॉक होतील अशीच रचना केलेली असते. मागे जाणारा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असतो, आणि काही गाड्यांत तो मागचा भाग किती दबलाय ते बघून दाब ठरवतो.

मागे डिस्क बसवताना हँडब्रेकचाही विसर पडतो. ड्रममध्ये तो आतच असतो. डोनरचा कॅलिपर हँडब्रेकच्या यंत्रणेसह नसेल, तर उतारावर गाडी लावायची कशी?

"एबीएस आहे ना, ते बघून घेईल," असं काही जण म्हणतात. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, तेव्हा अलीकडच्या गाड्यांत ते असणारच. पण एबीएसचं गणित त्या गाडीच्या ब्रेकच्या, टायरच्या मापावर बेतलेलं असतं. चाकाचा वेग मोजणारा सेन्सर आणि त्याची दातेरी रिंग डोनरच्या हबवर वेगळी निघाली, तर डॅशबोर्डवर दिवा पेटतो आणि एबीएस रजेवर जातं.

सस्पेन्शनमध्ये चूक लगेच दिसत नाही

ब्रेक चुकला तर कळतं. सस्पेन्शन चुकलं तर आधी बरं वाटतं. वळणावर गाडी कमी झुकते, हातात घट्ट वाटते. म्हणून इथे फसायला होतं.

जड गाडीची स्प्रिंग हलक्या गाडीत टाकली, की गाडी वर उचलली जाते आणि कडक होते. स्प्रिंगचं उसळणं आवरायचं काम शॉक ॲब्सॉर्बरचं. तो जुनाच ठेवला, तर कडक स्प्रिंग त्याला ऐकत नाही. खड्ड्यावरून गेल्यावर गाडी एकदा दबून थांबण्याऐवजी दोन-तीनदा नाचते, आणि टायर ज्या क्षणी वर उडालेला असतो त्या क्षणी ब्रेकही नसतो आणि स्टिअरिंगही. आपल्या रस्त्यांवर हा क्षण दर शंभर मीटरला येतो, हे वेगळं सांगायला नको. मोठी डिस्क आणि मोठी रिम चाकाचं वजन वाढवतात, म्हणजे शॉकवर आणखी काम.

स्टॅबिलायझर बार हा त्यातल्या त्यात सोपा आणि स्वस्त डोनर पार्ट. वरच्या व्हेरिएंटचा बार, सोबत त्याच्या मापाचे बुश आणि लिंक रॉड. पण इथेही आकडा फसवतो. बारची कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. १८ मिलिमीटरच्या जागी २० चा भरीव बार म्हणजे ११ टक्के जाडी, पण कडकपणा ५२ टक्के जास्त. तो मागे लावला, तर वळणावर मागची बाजू निसटण्याकडे झुकते. पुढे लावला, तर गाडी वळायला कुरकुरते. 'जाड तेवढं चांगलं' हे बारला लागू नाही.

सगळ्यात नाजूक भाग म्हणजे नकल, ज्यावर चाक, ब्रेक आणि स्टिअरिंग तिन्ही येऊन मिळतात. कॅलिपर बसवायला सोपं जावं म्हणून डोनरची अख्खी नकल उचलून लावतात. टाय रॉडची जागा थोडी वर-खाली असली, तरी खड्ड्यात चाक वर जाताना ते आपोआप वळायला लागतं. तुम्ही सरळ धरलेलं, गाडी मात्र जराशी दुसरीकडे. हे व्हील अलाइनमेंटच्या मशीनवर दिसत नाही, कारण तिथे गाडी उभी असते.

भंगारातून घेताना काय बघायचं

गाडी भंगारात का आली, हा पहिला प्रश्न. बऱ्याच गाड्या अपघातानंतर येतात. समोरून ठोकलेल्या गाडीची नकल आणि लोअर आर्म डोळ्यांना सरळ दिसतात, पण वाकलेले असू शकतात. त्यापेक्षा मागून ठोकलेल्या गाडीचा पुढचा माल बरा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. ती मोजून घ्या. कॅलिपर घेतला तर आतले रबर सील नवीनच टाका. ब्रेकचे रबरी होज, पॅड आणि शॉक जुने घेऊच नका. आणि बिल मागा. बिल न देणाऱ्याकडचा पार्ट चोरीच्या गाडीचा निघाला, तर पोलिसांना उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

एक छोटी गोष्ट, जी चांगल्या मेकॅनिककडूनही घाईत चुकते. कॅलिपरवर हवा काढायचा निपल वरच्या बाजूला यायला हवा. डावा कॅलिपर उजवीकडे लागला तर निपल खाली येतो, हवा वरच अडकते, आणि कितीही ब्लीडिंग केलं तरी पेडल स्पंजासारखंच राहतं.

आरटीओ आणि इन्शुरन्स काय म्हणतात?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीमधली माहिती कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी ठरेल असा बदल मालकानं करू नये. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही बाजू आणखी घट्ट केली. रंग बदलण्यासारखे किरकोळ बदल चालतील, पण कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी दूर नेता येणार नाही. त्याच वर्षी आलेल्या दुरुस्तीनं कलम १८२अ बदललं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

आरसी बुकात डिस्कचा व्यास लिहिलेला नसतो, म्हणून 'आरटीओला कळतंय कुठे' असा युक्तिवाद ऐकू येतो. रस्त्यावर कदाचित कळणारही नाही. पण अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल हे क्लेम अडवण्याचं कारण होऊ शकतं. त्या अपघातात समोरचा कुणी जखमी असेल, तर गोष्ट फक्त तुमच्या गाडीच्या नुकसानीपुरती राहत नाही.

तरीही करायचंच असेल तर?

त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटचा पूर्ण सेट घ्या. डिस्क, ब्रॅकेट, कॅलिपर, मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि मागचा व्हॉल्व्हसुद्धा, एकाच गाडीतून. कंपनीनं तो तोल आधीच साधलेला असतो. त्यातला फक्त दिसायला भारी भाग उचलला, की तो बिघडतो. इन्शुरन्सला आधी लेखी कळवा.

आणि त्याच्याही आधी चांगल्या कंपनीचे चार टायर, नवीन पॅड, ताजं ब्रेक ऑइल आणि गेलेले शॉक बदलून बघा. रील बनवण्यासारखं त्यात काही नाही. पण 'ब्रेक नीट लागत नाहीत' म्हणून गॅरेजमध्ये आलेल्या बऱ्याच जुन्या गाड्यांचं दुखणं एवढ्यानंच जातं, आणि कुर्ल्याला जायची गरज उरत नाही.